चार पंखांची माशी: जनुक एक, बिघाड तीन

अल्ट्राबायथोरॅक्स (यूबीएक्स) या एकाच जनुकातल्या बिघाडाने, म्हणजे उत्परिवर्तनाने, फळमाशीला दोनऐवजी चार पंख येतात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा मुख्य आक्षेप असा: उत्परिवर्तनाने जनुक मोडतं, मग मोडतोडीतून पंखांची अख्खी जास्तीची जोडी कशी येईल? शिवाय चार पंखांची फळमाशी मिळवायला तीन उत्परिवर्तनं लागतात, तेव्हा ‘एकच जनुक’ म्हणणं दिशाभूल आहे. आणि तुम्ही पाहिलेल्या यूबीएक्स माश्यांना दोनच पंख होते.

तीनचा आकडा बरोबर आहे, तो लेखात यायलाच हवा होता. पण ‘एकच जनुक’ हे मी मागे घेणार नाही.

माशीच्या वक्षाचे खंड तीन. दुसऱ्यावर पंख, तिसऱ्यावर हॉल्टियर, म्हणजे उडताना तोल सांभाळणारी, टोकाला गोळा असलेली बारीक दांडी. पंख घडवायची तयारी दोन्हीकडे असते. तिसऱ्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्सचं प्रथिन पंख घडवणाऱ्या अनेक जनुकांना दाबून धरतं, म्हणून तिथे हॉल्टियर होतो. मोडतं ते हे दाबणारं जनुक, आणि मग पंख आपोआप येतो. फुलपाखराच्या मागच्या पंखातही हे प्रथिन असतं आणि तिथे पंखच होतो, म्हणून त्याला ‘हॉल्टियर बनवणारं जनुक’ म्हणणंही मला पटत नाही.

मग जनुक सरळ पूर्ण बंद का करत नाहीत? कारण त्याची गरज इतर खंडांतही असते. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर प्रौढ माशी मिळतच नाही, जीव त्याआधीच मरतो. म्हणून जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी एबीएक्स, बीएक्स-३ आणि पीबीएक्स ही तिन्ही उत्परिवर्तनं एकाच गुणसूत्रावर आणली. तिन्ही अल्ट्राबायथोरॅक्सच्याच नियंत्रक भागांत आहेत. प्रथिनाची रचना त्यांनी बिघडत नाही, ते कुठे तयार व्हायचं एवढंच बिघडतं. बीएक्स-३मध्ये जिप्सी हा जागा बदलत फिरणारा डीएनएचा तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे हॉल्टियरच्या फक्त पुढच्या अर्ध्याचा पंख होतो; एबीएक्स याच अर्ध्याचा बदल पुरा करतं. पीबीएक्समध्ये सुमारे १७ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गळालेला असतो आणि मागचा अर्धा बदलतो. दोन्ही अर्धे नीट बदलल्याशिवाय अख्खा पंख दिसत नाही. तीन लागतात ते यासाठी.

खरा पुरावा मात्र त्या गळालेल्या तुकड्यात आहे. पीबीएक्स ज्या घटनेतून मिळालं त्याच घटनेतून कॉन्ट्राबायथोरॅक्स हे उत्परिवर्तनही मिळालं: तोच तुकडा त्याच जनुकात दुसरीकडे जाऊन बसला होता. त्या माशीत अल्ट्राबायथोरॅक्स दुसऱ्या खंडातही चालू होतं आणि पंखाचा मागचा भाग हॉल्टियरसारखा होऊ लागतो. तुकडा गेला की हॉल्टियरचा पंख, तोच चुकीच्या जागी बसला की पंखाचा हॉल्टियर. मला यापेक्षा स्वच्छ उदाहरण माहीत नाही.

लेखातलं ‘तिसरा खंड हुबेहूब दुसरा होतो’ हे वाक्य मात्र बदललं आहे. बदलते ती मुख्यतः बाहेरची त्वचा. उडण्याचे मोठे स्नायू तिथे तसे तयार होत नाहीत; जीवशास्त्रज्ञ के. विजयराघवन यांच्या गटाने लुईस यांच्यासह १९९४ साली हेच तपासलं होतं. त्यात तोल सांभाळणारे हॉल्टियरही गेलेले, त्यामुळे ही माशी उडू शकत नाही.

आता तुमच्या माश्या. त्यांच्यात बहुधा यूबीएक्सची एक प्रत निकामी आणि एक चांगली होती. अशा माशीला कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून कुशीवर ठेवा, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पंखाच्या बुडामागे बघा: हॉल्टियरचा गोळा जरा फुगलेला आणि त्यावर एखाद-दुसरा केस. साध्या माशीच्या गोळ्यावर असा केस नसतो. शेजारी साधी माशी ठेवल्याशिवाय हा फरक निसटतो.

चार पंखच पाहायचे असतील तर तिन्ही उत्परिवर्तनं असलेला स्टॉक (जोपासलेला वाण) निकामी यूबीएक्सच्या स्टॉकशी क्रॉस करा, म्हणजे त्यांचा संकर करा. २५ अंशांवर माश्या बाहेर आल्यापासून ८ तासांच्या आत कुमारी माद्या वेगळ्या काढा, पिढीला साधारण १० दिवस धरा. दोन्हीकडे टीएम६बी बॅलन्सर (उत्परिवर्तन पिढ्यान्पिढ्या टिकवणारं खास गुणसूत्र; त्याच्या दोन प्रती आल्या तर माशी मरते) असेल तर जगलेल्या माश्यांपैकी हिशोबाने एक तृतीयांश हव्या त्या, प्रत्यक्षात कमी, कारण त्या अशक्त असतात आणि ओल्या फूडला चिकटून मरतात. बॅलन्सर निवडताना जपा: टीएम२ आणि टीएम६वर स्वतःचंच यूबीएक्स उत्परिवर्तन असतं, टीएम३वर बीएक्सचं. ते वापरलेत तर स्टॉकमधल्या माश्यांचेच हॉल्टियर बदललेले दिसतात आणि कुठली माशी क्रॉसमधली, हे कळत नाही.