‘रेडिओ आता ऐकतं कोण?’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: छोटी सामुदायिक रेडिओ केंद्रं (स्थानिक संस्था आपल्या परिसरासाठी चालवतात ती) कुणी ऐकत नाही म्हणून बंद पडतात, ती सरकारी पैशावर जगतात आणि नुसती गाणी वाजवतात. मला हे मान्य नाही, आणि राग येतोय तो न तपासता पुढे ढकलण्याचा.

‘कुणी ऐकत नाही.’ जून 2020 आठवा. शाळांना कुलूप, घरात मोबाइल एकच, तोही वडिलांच्या खिशात. तेव्हा आपल्याच गावच्या रेडिओ विश्वासवर (90.8) ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू झालं, तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी. दीडशेच्या आसपास शिक्षकांनी धडे रेकॉर्ड केले. फळा नाही, खडू नाही. अपूर्णांक शिकवायचा तर भाकरीचे चार तुकडे शब्दांतच करायचे! इगतपुरी तालुक्यातल्या मुलांना 451 एफएम संच वाटले गेले, यूएसबी-ब्लूटूथवाले. नुसता एफएम नाशिकहून एवढ्या लांब पुरलाच नसता, कारण अशा केंद्राचा आवाज साधारण 10 किलोमीटरच जातो. हे अंतर श्रोत्यांनी ठरवलेलं नाही. 100 वॅट आणि 30 मीटरचा मनोरा, ही नियमाची मर्यादा आहे.

अशी केंद्रं सुरू व्हायला झालेला उशीरही नियमांचाच. रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. शिक्षणसंस्थांना केंद्र काढायचं दार उघडलं 2002 मध्ये, स्वयंसेवी संस्थांना 2006 मध्ये.

‘सरकारी पैशावर जगतात.’ यंत्रसामग्रीसाठी अनुदानाची योजना आहे, हे खरं. पण पगार, वीजबिल, दुरुस्ती संस्थेच्याच गळ्यात. जाहिराती घ्याव्यात तर तासाला आधी 5 मिनिटं, मग 7. 12 मिनिटं झाली ती थेट 2024 मध्ये. सरकारी जाहिरातीचा दर आता 10 सेकंदांना 74 रुपये. यावर केंद्र चालवून दाखवा. रेडिओ विश्वासला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत पहिला क्रमांक मिळाला, तो स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीच.

‘नुसती गाणी.’ निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांना घेऊन करावेच लागतात. स्वतःचं बातमीपत्र देता येत नाही. आकाशवाणीचं जसंच्या तसं लावायचं. प्रशासनाने दिलेली पुराची, पाणीपुरवठ्याची सूचना मात्र सांगता येते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं नाशिक एकच विचारतं: पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? गोदाकाठच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा, ते त्यावरच कळतं.