फायबर कुजत नाही, आतला प्लाय कुजतो

"जुनी फायबरची होडी लाखभरात मिळते. फायबर कुजत नाही. पावसाळ्यात रंग मारा, मशीन सर्व्हिसिंगला द्या, कागद नंतर होतात. गणपतीनंतर पर्यटकांना डॉल्फिन दाखवा, पहिल्याच सीझनला पैसे वसूल!" हा मेसेज मला तिघांनी पाठवला. त्यातला एक तर विसार देऊन बसला होता.

फायबर कुजत नाही हे खरंच. पण होडीच्या पाठीच्या ज्या फळीवर मशीन, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन, टांगतात, तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लाय असतो. मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (ते घट्ट करणारा चिकट द्रव) हे त्याचं नुसतं कवच. तळातल्या दांड्यांतही बऱ्याचदा लाकूडच. मशीनचे बोल्ट, पाणी काढायचं बूच, मागच्या मालकाने कशाला तरी मारलेले चार स्क्रू, पाण्याला एवढ्या वाटा पुरतात. बाहेरून चकचकीत, आत चोथा. म्हणून टांगलेलं मशीन खालच्या टोकाला धरून वर-खाली करा आणि नजर पाठीवर ठेवा. ती लवली, की समजा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: धड प्लाय टणटण वाजतो, कुजलेला भदभद. शेवटी खालचा एक बोल्ट काढायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी आलं, तर पाठ गेली. विकणारा बोल्टला हातच लावू देत नसेल, तरी उत्तर तेच.

पाठ बदलणं म्हणजे आतलं कवच कापून, चोथा खरवडून, सगळं सुकवून नवा सातशे दहाचा (आयएस ७१० मानकाचा) मरीन प्लाय बसवणं. रंगाच्या डब्यात हे काम मावत नाही.

"पावसाळ्यात उरकतं" हे मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते सोयीचं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या शाकारून किनाऱ्यावर, विकणारेही तेव्हाच भेटतात. पण रेझिनला ओलावा चालत नाही. कोकणातल्या जुलैत हवा ओली, मॅट ओली, आणि जुनं फायबर वर्षानुवर्षं पाणी प्यायलेलं. त्यावर चढवलेला थर आज चिकटल्यासारखा दिसतो, पुढे त्याचा पोपडा निघतो. तळाला फोड आले असतील तर ते घासून उघडे करायचे आणि तळ सुकू द्यायचा. त्याला कधीकधी महिने जातात. म्हणजे खरं काम सुरू होणार दसऱ्यानंतर, नेमके पर्यटक येतात तेव्हा.

मशीन चालू असल्याचा व्हिडिओही तसाच. किनाऱ्यावर दहा सेकंद फुरफुरलेलं मशीन काही सांगत नाही. उलट कोरडं चालवल्याने पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारा पंखा, खराब होतो, आणि समुद्राचं पाणी ओढून मशीन थंड ठेवतो तोच. गिअर ऑइल काढून बघा: दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.

राहिले कागद. मासेमारीसाठी नोंदलेल्या होडीत तिकीट लावून माणसं बसवता येत नाहीत. प्रवासी नेण्याची परवानगी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडून वेगळी घ्यावी लागते. नुसत्या खाडीत फिरवायचं म्हटलं तरी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि सर्वेक्षण आहेच. सर्वेक्षक रंग बघायला येत नाही.

स्वतःची हौस असेल, डोक्यावर शेड असेल, वर्षभर धीर असेल, तर जुनं कवच स्वस्तात घेण्यात मला काही गैर दिसत नाही. मेसेजमध्ये मात्र हौस नाही, धंदा आहे.

विसारवाल्याने बोल्ट काढून घेतला. भोकातून आलेल्या पाण्याला कुजल्या पाचोळ्याचा वास होता. विसार गेला. आता तो त्याच माणसाला नुसत्या मशीनचा भाव विचारतोय.