पांबनचा जुना पूल बटणावर नव्हता

लेखात म्हटलंय की तमिळनाडूत रामेश्वरम बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वे पूल बोटींना वाट द्यायला ‘बटण दाबताच उघडायचा’. छे हो! १९१४चा तो पूल उघडायला दोन्ही बाजूंना माणसं लोखंडी दांडे ढकलत राहायची, तेव्हा कुठे उघडणाऱ्या गाळ्याची (दोन खांबांमधल्या भागाची) पाती हळूहळू वर जायची. यंत्राने गाळा उचलणं हे २०२५च्या नव्या पुलाचं काम.

बाबांच्या बदलीमुळे आम्ही काही वर्षं पुलाजवळच्या मंडपमला होतो. बोटींची रांग लागली की गल्लीत पहिला प्रश्न, ‘आज उघडणार का?’ शेजारच्या पाट्टी (म्हणजे आजी) मग हमखास १९६४च्या वादळावर यायच्या: बहुतेक गाळे समुद्रात गेले, पण उघडणारा गाळा टिकला. सांगताना तोरा असा, जणू घरच्यांनीच बांधलाय! त्या वादळावर लेखात एक ओळही नसावी?