दोन तासांचं काम तीन दिवस? दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या बाजूला उबुंटू ही दुसरी सिस्टीम टाकून दिली, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. त्रास झाला त्याबद्दल सॉरी, मनापासून. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतंय त्यात तर शंभर टक्के आमचंच चुकलं, ते खाली सांगतो. पण "दोन तासाचं काम तीन दिवस लावलं, ९०० सांगून १२०० घेतले, उबुंटू तर फुकट असतं, यांना काही कळत नाही" असं तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंय तर मला पण सगळ्यांसमोरच बोलावं लागेल. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरला आमचं दुकान पहिल्या मजल्यावर, रस्त्यावरून बोर्ड धड दिसत नाही, नवीन गिऱ्हाईक येतं ते स्टार बघूनच जिना चढतं.

दोन तास मी बोललो होतो, नाही म्हणत नाही. पण ते फोनवर, लॅपटॉप न बघता. तुम्ही एवढंच बोलले की विंडोज राहू द्यायचं आणि बाजूला उबुंटू टाकायचं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लागतं. तसा सरळ लॅपटॉप असला तर दोन तासात होतंच, आजवर कितीतरी पोरांना करून दिलंय.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तुम्ही लॅपटॉप टेबलावर ठेवला, मी बटण दाबलं तर निळी स्क्रीन, बिटलॉकरची (म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, टाका. विंडोज उघडायलाच तयार नाही. विचारलं घरी काही केलं का, तर "नाही, थोडं बघितलं फक्त". मग शनिवारी तुम्हीच सांगितलं की व्हिडिओ बघून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट नावाचं सुरक्षेचं सेटिंग बंद केलं आणि क्लिअर टीपीएम पण दाबून बघितलं, टीपीएम म्हणजे कुलपाची माहिती जपणारी चिप. दादा, सिक्युअर बूट परत चालू करता येतं हो, पण टीपीएम पुसला की डिस्कचं कुलूप उघडायची सोय त्यातून जाते, मग ती ४८ आकड्यांची की असल्याशिवाय कुठल्याच दुकानदाराला काही करता येत नाही. फॉरमॅट मारला असता तर काम त्याच रात्री झालं असतं, ९०० घेऊन मी मोकळा, आणि तुमचा १४० जीबी डेटा, घरचे फोटो, प्रोजेक्ट सगळं गोदावरीत. मी नाही मारला. ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

आता की कुठे, तर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर. अकाउंट कोणाचं, तर तुमच्या मामांचं, कारण लॅपटॉप त्यांनी घेऊन दिलेला आणि सुरुवातीला स्वतःचाच ईमेल टाकलेला. शुक्रवारी रात्री मामांनी फोन उचलला नाही, ड्युटीवर होते, त्यांचीही चूक नाही. शनिवारी उचलला तर पासवर्ड आठवेना, ओटीपी जायचा तो मामींच्या नंबरवर, मामी लग्नाला गेलेल्या. हे दोन दिवस मी काय लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो का? रविवारी दुकान बंद असतं, आम्हाला निफाडला सासुरवाडीला जायचं होतं, मंडळी खाली गाडीत बसलेली आणि मी वर तुमच्या मामांना फोन लावून की लिहून घ्यायला आमच्या पोऱ्याला बसवलेलं. सहा सहा आकड्यांचे आठ गट. मामा मराठीत दोन दोन आकडे सांगत होते आणि आमचा पोऱ्या इंग्लिश मीडियमचा, एकोणसत्तर म्हटलं की ७९ लिहितो. की लागेना. मग मी एकेक गट कॅल्क्युलेटरवर घेतला, कारण त्या कीच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, ज्याला गेला नाही तो चुकीचा. सहावा गट निघाला. हा अर्धा तास आमच्यामुळे गेला, तो माझ्यावर टाका. "यांना काही कळत नाही" म्हणताना एवढं तरी माहीत असू द्या.

उघडल्यावर आधी तुमचा डेटा माझ्या हार्डडिस्कवर घेतला, बिटलॉकर बंद करायला लावलं आणि निफाडला गेलो, बायको अजून बोलतेय त्यावरून. सोमवारी सी ड्राईव्ह लहान करायला घेतला तर २०० जीबी रिकामं असून विंडोज फक्त ११ जीबी सोडायला तयार, कारण हायबरनेशन, पेजफाईल असल्या न हलणाऱ्या फायली मध्येच बसलेल्या असतात. त्या बंद करून रीस्टार्ट, परत बघा, असं करत १०० जीबी काढले. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर उघडायची सोय) बंद केलं, नाहीतर उबुंटूतून विंडोजच्या ड्राईव्हवर काही सेव्ह होत नाही. उबुंटू २४.०४ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हे टाकणं मोजून २५ मिनिटांचं, तेवढंच तुम्ही बघितलं.

पैशाचं. उबुंटू फुकटच आहे, त्याचा एक रुपया घेतला नाही, ९०० माझ्या हाताचे. वरचे ३०० त्या पेनड्राईव्हचे जो तुम्ही "असू द्या, परत लागेल" म्हणून बॅगेत टाकला. बिलावर वेगळा लिहिलाय. तीन दिवसांचे तर मी धरलेच नाहीत.

घड्याळ साडेपाच तास मागे, ते मात्र आमचं. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज आपली इथली वेळ धरतं आणि उबुंटू ग्रीनिचची, म्हणून उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की साडेपाच तासांचा घोळ. एका कमांडचं काम आहे, द्यायच्या गडबडीत राहिलं. त्या घड्याळाची बॅटरी वगैरे काही गेली नाही, कोणी सांगितलं तरी बदलू नका. आणि उद्या विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर उबुंटूचा मेन्यू दिसला नाही तर बायोसमध्ये बूट ऑर्डर (आधी कोणती सिस्टीम उघडायची तो क्रम) बघायची, लगेच दुसरा रिव्ह्यू नको.

इथून पुढे फोनवर टाइम सांगणार नाही, आधी लॅपटॉप बघणार, कीचं पण विचारणार, बाकी पण सुधारणा करतोय. शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत मी आहे, येऊन जा, घड्याळाचं पाच मिनिटात फुकट करून देतो. स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त ते "कळत नाही" तेवढं काढलं तर बरं होईल.