पानगळीतला डोंगर

पाऊस सुरू झाला की अर्धं चाळीसगाव पाटणादेवीला जातं, उरलेलं अर्धं कन्नड घाटात गाडी थांबवून कणीस खातं. मीही खातो, तक्रार नाही. पण ‘डोंगर म्हणजे पावसाळा’ हे जे आपल्या डोक्यात बसलंय, ते पुण्या-नाशिककडून उसनं आणलेलं आहे. आपल्या सातमाळ्याच्या रांगेला ते लागू पडत नाही. इथले डोंगर चढायचे ते माघात, फार तर फाल्गुनाच्या सुरुवातीला. पानं गळाल्यावर. दोनदा तोंडावर आपटून हे शिकलोय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

गच्चीवरून दक्षिणेला रांग दिसते, तिच्यात एक डोंगर जरा सुटून पुढे आलेला आहे. लहानपणापासून बघतोय. किल्ला नाही, लेणं नाही, देऊळ नाही, त्यामुळे जाणारं कुणी नाही. सर्वेच्या नकाशात माथ्यावर नुसता उंचीचा आकडा छापलाय, नाव नाही. तो गौताळा अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. येत असता तर विनापरवाना आडरानात शिरलोच नसतो. बाहेरच्या राखीव जंगलातसुद्धा वनरक्षकाच्या कानावर घालूनच गेलो. नेमका कोणता, ते विचारू नका. रील बनलं की पुढच्या रविवारी तिथे कुरकुऱ्यांची पाकिटं असतील.

पहिल्यांदा गेलो श्रावणात. गवत छातीपर्यंत, त्यात घाणेरी, आणि पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. घोणस असली तर तिलाही मी दिसणार नाही, हा विचार डोक्यात आला आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा कार्तिकात. गवत वाळलेलं, म्हणजे कुसळं! कुसळाला एक पीळ असतो. तो दमट झाला की उलगडतो, सुकला की पुन्हा वळतो, आणि तसतसं टोक आत शिरत जातं. बी जमिनीत रुतावं म्हणून गवतानं केलेली ही सोय. त्याला मोजा आणि जमीन यातला फरक कळत नाही. पायथ्याचं पठार ओलांडेपर्यंत पायांची चाळण झाली, तिथूनच माघार.

या फेब्रुवारीत मावसभावाला घेऊन गेलो. हंटर शूज, जाड जीन्स, बाईकचे चामडी हातमोजे, माणशी तीन लिटर पाणी, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मळ्यात पऱ्हाटी उपटणाऱ्या आबांनी हटकलं, “कोठे जाई राह्यनात?” वर, म्हटलं. “वर काय शे? काही नही शे तठे. कसाले जातस?” मग बिबट्याचा विषय निघालाच. २०१७ साली गिरणेकाठच्या गावांत बिबट्यानं माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ते या तालुक्यात अजून कुणी विसरलेलं नाही. बोलत चाला, एवढंच आबा म्हणाले.

पानगळीचा खरा फायदा पायथ्याशीच कळतो. सालई, धावडा, साग, सगळे उघडे पडलेले असतात, आणि डोंगराची हाडं दिसतात. दख्खनचे डोंगर थरावर थर आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. एक कातळकडा, वर सपाट पट्टा, परत कडा. अशा डोंगरावर चढणं म्हणजे प्रत्येक कड्याला कुठे खिंडार पडलंय ते शोधणं. श्रावणात हिरव्या गोधडीखाली काहीच कळत नाही. आता खालूनच दिसत होतं की पूर्वेच्या सोंडेवर, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत आलेल्या धारेवर, दोन्ही कातळकडे तुटलेत.

गुरांच्या वाटांवर मात्र विसंबू नका. त्या सपाट पट्ट्यानं आडव्या जातात, कारण गुरांना चारा हवा असतो, शिखर नको असतं. अशाच एका मळलेल्या वाटेनं आम्ही पाऊण तास डोंगराला प्रदक्षिणा घातली. घाणेरीत रानडुकरांनी केलेले बोगदे असतात, त्यातून रांगत जाता येतं, पण समोरून मालक आला तर काय, हा प्रश्न उरतो. बोरीचा काटा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. तिथे ओढाताण केली की शर्ट गेला, मागे सरकून सुटायचं.

लोक म्हणतात कोयता घेऊन जा. अजिबात नको. जंगलात तोड करणं गुन्हा आहे, ते सोडा, पण वाट तोडायची असेल तर बिनवाटेच्या डोंगरावर जायचंच कशाला?

सगळ्यात घसरडी सागाची वाळलेली पानं. पापडासारखी मोडतात आणि खालचा मुरूम पायासकट निसटतो. आवाज इतका की बिबट्याशी बोलत चालायची गरजच पडली नाही. याच पानांमुळे या मोसमात खरी भीती वणव्याची. बिडी, सिगारेट, चूल, काहीही नको. चहाची तल्लफ आलीच तर थर्मास न्या.

माथ्यावरून देखावा दिसेल अशी आशा धरू नका. वर सालईची दाटी होती. साल कागदासारखी सुटलेली, डिंकाला धुपाचा वास. फांद्यांच्या फटीतून चाळीसगावकडचा सपाट मुलूख आणि मध्येच एक पेटलेला पळस दिसला, तेवढंच. शिवाय माथा एक नाहीच. दोन उंचवटे, मध्ये घळ, आणि कोणता उंच ते उभ्या उभ्या कळेना. मोबाईल दर मिनिटाला वेगळी उंची सांगत होता. भाऊ म्हणाला पूर्वेचा, मी म्हणालो पश्चिमेचा. भांडण मिटवायला दोन्हीकडे जाऊन बसलो, भाकरीही अर्धी इथे, अर्धी तिथे खाल्ली.

उतरताना शहाणपणा केला. सोंड सोडून नाळेत, म्हणजे पाण्यानं कोरलेल्या अरुंद घळीत घुसलो, लवकर होईल म्हणून. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर-डोंगरी नद्यांनी चाळीसगावात पाणी घातलं, त्याच पावसाच्या म्हणाव्यात अशा शिळा नाळेत एकमेकींवर रचलेल्या. त्यांवरून उड्या मारत खाली आलो, तर पुढे कोरडा धबधबा, दोन मजल्यांचा. पानगळीत सोंड दिसते, पण नाळेचं पोट दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाणी एक घोट उरलेलं. पुन्हा वर चढलो, शिव्या घालत, मुख्यतः एकमेकांना.

मळ्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबांनी माठातलं पाणी दिलं. दोन उंचवट्यांचं भांडण सांगितलं, तर ते पऱ्हाटीचा भारा बांधता बांधता म्हणाले, “मावळतीना मोठा शे. एक साल आमना बैल तठे गयथा.”

बैल कोणत्या बाजूनं खाली आणला, ते विचारायचं राहूनच गेलं.