लाईनीत गेलेली रात्र आरामात धरू नका

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील ताबा सुटला.' मुंब्रा बायपास असो, कसारा घाट असो नाहीतर बोरघाटाचा उतार, वाक्य तेच. पंचनामा तिथे संपतो, विम्याचा कागद तिथे संपतो, आणि वाचणारेही 'झोप येत होती तर गाडी बाजूला घ्यायची ना' म्हणून पुढे सरकतात. त्याआधीच्या दिवसभरात तो माणूस शेवटचा आडवा कधी झाला होता, हे कुणी विचारत नाही.

मी बरीच वर्षं न्हावा शेव्याला, उरणजवळच्या बंदरात, ट्रेलर चालवला. आता कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कोणती गाडी कोणत्या फेरीला लावायची ते काम बघतो. दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय, म्हणून ठामपणे सांगतो: आपल्या भागातला ड्रायव्हर गाडी चालवून जेवढा दमतो त्याहून जास्त थांबून दमतो. आणि हे थांबणं सगळे जण त्याच्या आरामाच्या खात्यात टाकतात.

दमणं म्हटलं की लोकांना चेन्नई-कोलकात्याच्या फेऱ्या आठवतात. मी न्हावा शेवा-भिवंडीबद्दल बोलतोय. गव्हाण फाटा, कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मानकोली. सत्तर किलोमीटरच्या आतलं काम. सकाळी गाडी लागली तर बंदरात नंबर येईपर्यंत दुपार होते. कागदात नाहीतर सीलमध्ये काही खोट निघाली की संध्याकाळ. डबा, म्हणजे कंटेनर, घेऊन बाहेर पडावं तर शहरात अवजड वाहनांची बंदीची वेळ लागलेली. मग रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. रात्री बंदी उठली की सगळे एकदम सुटतात आणि मुंब्र्याला चाक हलत नाही. पहाटे गोडाऊनच्या गेटवर पोचलात तर वॉचमन सांगतो, गेट नऊला उघडेल, हमाल दहाला येतील. माल उतरला की रिकामा डबा यार्डात टाकायला परत उरणकडे. स्टेअरिंगवर धरून पाच-सहा तास, आणि ड्युटी किती? एक अख्खा दिवस आणि वर अर्धा.

मधल्या वेळेत झोपायचं की, असं ऑफिसात बसलेला माणूस म्हणतो. त्याने एकदा उरण भागात ट्रेलरच्या लाईनीत रात्र काढावी. पुढची गाडी जराशी सरकते. लगेच मागून हॉर्न. ड्रायव्हर डोळे चोळत उठतो, गाडी चालू करतो, हवा भरेपर्यंत थांबतो, हँडब्रेक सोडतो, तीस-चाळीस फूट पुढे घेतो, परत हँडब्रेक, फुस्स करून हवा सुटते. परत सीटमागच्या रेक्झिनच्या फळीवर कलंडतो. वीस मिनिटं, मग पुन्हा हॉर्न. खाडीचे डास काचेच्या फटीतून आत येतात, काच बंद केली तर इंजिनाची धग. शिवाय झोपला आणि मध्ये कुणी गाडी घातली तर नंबर गेला. पूर्वी क्लीनर असायचा, तो गाडी सरकवायचा, ड्रायव्हर दोन तास निजायचा. खर्च वाचवायला कित्येक मालकांनी क्लीनर बंद केला आणि त्या दोन तासांचं काय होणार याचा हिशोब कुणी केला नाही.

हिशोब फक्त गाडीचा होतो. पार्टीने, म्हणजे ज्याचा माल त्याने, गाडी वेळेत खाली केली नाही की मालक हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवल्याचे पैसे, लावतो, आणि ते रास्तच आहे, गाडी उभी राहिली म्हणजे हप्त्याचे पैसे बुडतात. पण गाडीसोबत उभा राहिलेला माणूसही बुडतच असतो. बहुतेक ड्रायव्हर फेरीवर पैसे घेतात. चार फेऱ्यांच्या जागी दोन झाल्या की घरी पाठवायला कमी पडतं. त्यामुळे रात्रभर न निजलेला माणूस सकाळी स्वतःहून म्हणतो, 'शेठ, अजून एक लावा.' याला हाव म्हणू नका. त्याला पोराच्या फीची तारीख माहीत आहे.

झोपेअभावी माणसाचं काय होतं हे मोजून झालेलं आहे. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं लक्ष आणि हातापायांचा वेग १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका घसरतो. २४ तास जागरण झालं तर १०० मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. नाक्यावर तोंडात नळी घालून दारू तपासता येते आणि तपासायलाच हवी. पण रात्रभर लाईनीत जागलेला माणूस त्याच नाक्यावरून फुंकर मारून बिनबोभाट पुढे जातो, आणि त्याच्यामागे ४० फुटी डबा असतो.

पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. त्या वेळी शरीर आपोआप मंदावतं, कितीही अनुभव असला तरी. दुपारी जेवणानंतर तसंच, थोडं कमी. आता बघा, दिवसा शहरात बंदी, रात्री मोकळीक. म्हणजे माणसाचं शरीर झोप मागतं नेमक्या त्याच वेळी आपण हजारो गाड्या रस्त्यावर सोडतो. बंदी घालू नका असं मी म्हणत नाही. घोडबंदर रोडला सकाळी पोरं शाळेत जातात, मलाही ती काळजी आहे. पण बंदी घालताना या गाड्यांनी आणि त्यातल्या माणसांनी दिवसा कुठे थांबायचं, कुठे आंघोळ करायची, कुठे सावलीत पाठ टेकायची, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

डुलकी म्हणजे मान टाकून घोरणं नव्हे. डोळे उघडे असतात आणि तीन-चार सेकंद मेंदू बंद पडतो. ६० च्या वेगाला चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून जास्त जाते, म्हणजे चार ट्रेलर एकामागे एक उभे राहतील एवढं अंतर कुणी न चालवता. त्याआधी शरीर सांगत असतं. जांभया थांबत नाहीत, पांढरा पट्टा चाकाखाली येतो, गिअर उगाच चुकतो, आणि मागचा फाटा कधी गेला ते आठवत नाही. हे शेवटचं झालं की मग विषय संपला, पुढची पहिली सुरक्षित जागा बघायची आणि गाडी बाजूला घ्यायची.

आम्ही सगळ्यांनी केलेले उपाय तुम्हाला माहीत आहेत. तोंडावर पाणी, काच खाली, गाणी मोठ्याने, मावा, तंबाखू, बिडीवर बिडी. या सगळ्याने थोडा वेळ बरं वाटतं, झोप मात्र तिथेच असते. कुणी डोळे जागे ठेवणारी गोळी देऊ केली तर हात लावू नका. तिचा जोर उतरतो तेव्हा झोप सांगून येत नाही. आणि पावसाळ्यात सर्दीला मेडिकलमधून गोळी घेताना 'गाडी चालवतो' एवढं सांगा. सेटिरिझिनसारख्या साध्या गोळीनेही कित्येकांना गुंगी येते.

खरा उपाय झोपच. थोडा वेळ मिळाला तर कडक चहा नाहीतर कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून पडायचं. त्यातलं कॅफिन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. अर्ध्या तासाच्या वर ताणलं तर डोकं जड होतं, मग उठल्यावर लगेच गाडी हलवू नका, खाली उतरून टायर ठोकत एक फेरी मारा. बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपू नका, धूर जीव घेतो. रात्री निघायचं असेल तर दुपारीच झोपून घ्या. ढाब्यावर भात आणि मटण पोटभर खाऊन घाटात जाऊ नका. आणि घरचे म्हणत असतील की तू फार घोरतोस, मध्येच श्वास अडकतो, तर डॉक्टरला दाखवा. अशा माणसाला आठ तास निजूनही झोप पुरत नाही.

पण हे सगळं ड्रायव्हरच्या हातातलं. माझं भांडण जे त्याच्या हातात नाही त्याच्याशी आहे.

१९६१ सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर परवानगी घेऊन फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा. दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास विश्रांती. सलग या शब्दाकडे लक्ष द्या, वीस-वीस मिनिटांचे तुकडे नव्हेत. हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. आता तो २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला गेलाय. तास कागदावर राहतात, कारण मोजणारं कुणी नाही. युरोपात गाडीतलं यंत्रच तास नोंदवतं, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. आपल्याकडे गाडीत जीपीएस बसलं, पण ते गाडी का थांबली हे विचारायला. ड्रायव्हर जरा पडला की स्क्रीनवर गाडी उभी दिसते आणि फोन वाजतो, 'काय रे, का थांबला?'

काही गोष्टी बदलल्यात, त्या मान्य करायला हव्यात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरसाठी खाटा, न्हाणीघर अशी सोय सुरू झाली. चांगलंच आहे. पण लाईनीतला माणूस गाडी सोडून त्या खाटेपर्यंत जाणार कसा?

म्हणून मागणी एकच. गेटवर पोचल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंतचा सगळा वेळ ड्युटी धरा आणि हॉल्टिंगमधला ठरलेला हिस्सा ड्रायव्हरला द्या. पैसे लागायला लागले की गोडाऊनवाले वेळ ठरवून गाड्या बोलावतील. कुणी म्हणेल, कसं शक्य आहे? याच नवी मुंबईत, एपीएमसीच्या घाऊक बाजारात, माथाडी कामगार आहेत. पाठीवर पोती वाहणाऱ्या, रोजचा मालक वेगळा असलेल्या माणसांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, मंडळ केलं. त्यांनी संघटना करून ते मिळवलं. त्याच बाजारात रात्रभर नाशिकचा भाजीपाला घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला तसं काही नाही.

आमच्या ऑफिसात आम्ही एक साधा नियम लावलाय. ड्रायव्हरने 'झोपतोय' एवढा मेसेज टाकला की दीड तास त्याला कुणी फोन करायचा नाही, पार्टीला उत्तर आम्ही देतो. आजवर एकाही पार्टीने त्यावरून काम काढून घेतलेलं नाही. ट्रान्सपोर्टवाले वाचत असाल तर उद्यापासून करून बघा. आणि महापे, तळोजा, भिवंडीत ज्यांची गोडाऊनं आहेत त्यांनी गेटच्या आत एक संडास, पिण्याचं पाणी आणि पंख्याखाली चार खाटा ठेवा, आणि वॉचमनला सांगून ठेवा की पहाटे आलेल्या गाडीला आत घ्यायचं.