मोठीकडे नको, धाकट्याकडे बघा

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: क्लाउनफिशची खरी जोडी कधी भांडत नाही. घेताना दोन्ही मासे एकाच मापाचे घ्या. भांडलेच तर टाकीत, हा मासा ज्या समुद्री जीवाच्या शुंडकांत घर करतो तो अ‍ॅनिमोन टाका, नाहीतर आणखी दोन मासे सोडा, म्हणजे राग सगळ्यांत विभागला जातो. तरीही मोठा मारत राहिला तर तो नर आहे, त्याला दुसऱ्या टाकीत हलवा आणि दोनेक महिन्यांनी परत आणा. शेवटी 'अनुभवाचे बोल'. कुणाचा अनुभव, ते लिहिलेलं नसतं.

तर, खरी जोडी भांडते. रोज भांडते. माझ्याकडे ओसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी आहे, दुकानात सगळे ज्याला निमो म्हणतात तीच. सकाळी दिवा लागला की मोठी सरळ धाकट्याच्या अंगावर जाते. तो पळत नाही. तिच्यासमोर जरा कलंडतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो, शॉक बसल्यासारखा. दोन-तीन सेकंदच. मग ती वळते आणि दोघं आपापल्या उद्योगाला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माशाला फिट आली. असे घाबरलेले फोन मला आलेले आहेत. ती थरथर म्हणजे 'तू मोठी, कबूल' असं सांगणं आहे. धाकटा थरथरतोय आणि ते बघून मोठी थांबतेय, तोवर काहीही करू नका. काचेला कान लावलात तर टकटक असा आवाजही ऐकू येईल. क्लाउनफिश जबडा झटक्यात मिटतो, दातांवर दात आपटतात आणि तो आवाज निघतो, हे संशोधक एरिक पार्मंतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं.

आता 'मोठा तो नर' याबद्दल. इथे मेसेज साफ उलटा आहे, आणि पुढचा घातक सल्ला याच चुकीतून निघतो. क्लाउनफिश आधी नर असतात. एका अ‍ॅनिमोनमधल्या टोळीत जो सर्वांत वरचा, तो मादी होतो. त्याच्या खालचा तिचा नर, बाकीचे लिंबूटिंबू. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये मांडलं ते हेच: मादीची दादागिरी खालच्याला मादी होऊ देत नाही. म्हणजे जी मारामारी बघून आपण कळवळतो, तिच्यामुळेच तो नर राहतो.

मग तिला दोन महिने हलवलं की काय होणार? डोक्यावर कुणी उरलं नाही की धाकट्याचं शरीर मादी व्हायला लागतं. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात, पण एकदा मादी झाला की तो पुन्हा नर होत नाही. मी हे स्वतःच्या हाताने करून बसलोय. अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून पहिल्या जोडीतल्या मोठीला औषधाच्या टाकीत ठेवलं, आणि खबरदारी म्हणून अडीच महिने तिथेच राहू दिलं. परत सोडली त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांचे जबडे पकडले. मला वाटलं, ओळख पटली की थांबतील. सकाळी एक पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, मागे मरून पडलेला होता. दोन माद्या एका टाकीत नांदत नाहीत.

वेगळं करायचंच असेल तर त्याच टाकीत करा. भोकं असलेला ब्रीडर बॉक्स आत लटकवा आणि त्यात मारणारीला ठेवा, मार खाणाऱ्याला नको. तिला तो दिसत राहतो, त्याला मोकळं फिरता येतं, पोटभर खाता येतं. चार-सहा दिवसांनी दगडांची मांडणी बदला आणि दिवे मालवल्यावर तिला सोडा.

'एकाच मापाचे घ्या' यात अर्धं खरं आहे. दोन्ही पिल्लं असतील, दोन-तीन सेंटिमीटरची, तर चालतं. थोडी झटापट होऊन त्यांचं ते ठरवतात. पण वाढलेले दोन एका मापाचे घेतलेत तर दोन्ही माद्या निघण्याची भीती. पीटर बस्टन यांचा २००३ सालचा पापुआ न्यू गिनीतला अभ्यास सांगतो की खालच्या पायरीवरचा मासा स्वतःची वाढच आवरून धरतो, वरच्याच्या मापाला जात नाही. तो फरक म्हणजे त्यांच्यातला तह. आपण मुद्दाम बरोबरीचे आणून तो मोडायचा कशाला? आणि 'पेअर' म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा तासाभरापूर्वी एका पिशवीत भरलेले दोन मासे असतात. आधी टाकीत बघा, थरथर दिसली तर पैसे काढा.

अ‍ॅनिमोनने राग शांत होत नाही. राखायला घर मिळालं की उलट वाढतो. राग विभागण्याची युक्ती मलावी सरोवरातले सिक्लिड मासे पाळणाऱ्यांची, तिथे ती चालते. इथे घरगुती टाकीत तिसरा क्लाउन बहुधा मार खाण्यापुरताच येतो.

मेसेजवाल्याची काळजी अगदीच खोटी नाही. थरथरूनही मार थांबत नसेल, पंख फाटले असतील, धाकटा हीटरजवळ वरच्या कोपऱ्यात चिकटून बसला असेल आणि खायलाही येत नसेल, तर त्याच दिवशी बॉक्स लावा. 'मरून' जातीच्या क्लाउनफिशच्या बाबतीत तर मी मेसेजवाल्यापेक्षा घाबरट आहे. ती मादी पंधरा सेंटिमीटरच्या वर जाते, नर तिच्यापुढे चिमुकला, आणि कधीकधी वर्षानुवर्षांच्या जोडीतही ती त्याला संपवते.

एक प्रकार मात्र मेसेजमध्ये नाहीच. वर्षभर शांत असलेली जोडी अचानक पिसाळते, तेव्हा आधी दगड आणि काचेचा खालचा भाग बघा. माझ्याकडे मातीची एक कुंडी आडवी ठेवली आहे. दोघांनी ती तोंडाने घासून लख्ख केली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नारिंगी अंडी. नर पंखांनी वारा घालत बसतो, मादी पहारा देते. आठवड्याभरात अंड्यांत चंदेरी डोळे दिसतात, मग एका रात्री अंधारात ती फुटतात. तोवर टाकीत हात घातलात की ती चावते, आणि चांगलीच चावते. ते दिवस मी काच लांब दांड्याच्या स्क्रेपरने घासतो.